फिल्मवरची भगर

पैठण तालुक्यातलं पाचोड हे धुळे–सोलापूर महामार्गावरचं गाव मोसंबीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. आंबे बहाराची फळं पावसाळा सरताना येतात, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर. बोली लावणारा व्यापारी ढिगातली सगळी फळं कापून बघत नाही. एखादं हातात घेतो, फिरवतो, अंगठ्याने दाबतो आणि सालीकडे बघतो. साल ताठ आहे की सैल पडलीय, रंध्रं बारीक की उघडी, कोळ्याने पाडलेले तपकिरी डाग किती, एवढ्यावर भाव बोलला जातो. झाडाला पाणी कधी मिळालं, कधी तुटलं, कीड कधी लागली, हे सगळं सालीवर उमटलेलं असतं आणि त्याला ते वाचता येतं.

स्तनाच्या कर्करोगाच्या एका खुणेला फ्रेंच डॉक्टरांनी संत्र्याच्या सालीचं नाव दिलं आणि तेच जगभर रूढ झालं. पाचोडच्या माणसाला संत्र्यापर्यंत जायची गरज नाही, मोसंबी पुरते. कातडीत लसीका वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. कर्करोगाच्या पेशींनी त्या तुंबल्या की पाणी साचतं आणि कातडी सुजते. मात्र ती सगळीकडे सारखी सुजू शकत नाही. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी असतात तिथे ती खाली बांधलेली असते. भोवतालची कातडी वर येते, तेवढे ठिपके खोल राहतात. मॅमोग्राफीत हाच प्रकार कातडीची रेघ जाड झाल्याच्या रूपात दिसतो. एरवी ही रेघ साधारण दोन मिलिमीटरच्या आत असते. स्तनात पू झाला तरी कातडी अशी होऊ शकते, म्हणून नुसत्या सालीवरून निकाल देता येत नाही.

ही खूण दिसते तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो. त्याआधी तो पकडायला दर वेळी मोठं यंत्रच लागतं असंही नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. एका गटातल्या बायकांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केली, अशा चार फेऱ्या झाल्या. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये तसा फायदा दिसला नाही, हेही तितकंच खरं.

मोसंबीची साल डोळ्यांना थेट दिसते. शरीराच्या आतल्या गोष्टींचं काय? ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रोंटगेनला व्युर्झबर्गच्या प्रयोगशाळेत क्ष-किरण सापडले आणि डॉक्टरांच्या हाती सावल्या आल्या. साध्या एक्स-रेवर मोजून पाच छटा ओळखता येतात. हवा काळी, चरबी गडद करडी, पाणी आणि मांस फिकट करडं, हाड पांढरं, धातू त्याहून पांढरा. मांस आणि पाणी एकाच रंगाचं दिसणार म्हटल्यावर रंगावरून फारसं कळत नाही. उरतो आकार. आता रात्री दोन वाजता एखाद्या निवासी डॉक्टरने वरिष्ठांना फोन करून फिल्मवरचा आकार सांगायचा, तर ‘वर निमुळता, खाली रुंद, मध्ये एक तिरकी रेघ’ असं वर्णन करत बसण्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या वस्तूचं नाव घेणं सोपं. ती वस्तू दोघांनीही हजारदा पाहिलेली हवी. म्हणून रेडिओलॉजीची पुस्तकं खाऊच्या दुकानासारखी भरून गेली आहेत. सफरचंद, केळं, लिंबू, कांदा, तांदूळ, मीठ-मिरी, पॉपकॉर्न, डोनट, आइस्क्रीमचा कोन, काय हवं ते तिथे आहे.

यातली बरीच नावं मला निव्वळ चावटपणाची वाटतात. आकार दिसला, गंमत वाटली, नाव ठेवलं. पण काही नावं अशी आहेत की आकार असा का झाला हे विचारलं की आतल्या रोगाची अख्खी चाल समजते. तीच इथे घेतो.

भगर

उपवासाला आपण जी भगर शिजवतो, त्या जातीच्या बारीक भरडधान्याला लॅटिनमध्ये मिलिअम म्हणत. ‘मिलिअरी टीबी’ हे नाव त्यावरून आलं, आणि ते एक्स-रेपेक्षा जवळजवळ दोनशे वर्षांनी जुनं आहे. १७०० साली जिनिव्हाचा डॉक्टर जाँ-जाक मांजे याने शवविच्छेदनात फुप्फुसभर पसरलेले दाणे पाहिले आणि त्यांची तुलना या धान्याशी केली. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने जाहीर केला तो २४ मार्च १८८२ ला. म्हणजे रोगाचं कारण माहीत नव्हतं, आतलं दाखवणारं यंत्र नव्हतं, तेव्हापासून दाण्याची ही उपमा टिकून आहे.

छातीच्या फिल्मवर हे दाणे एक ते तीन मिलिमीटरचे दिसतात. दोन्ही फुप्फुसांत, वरपासून खालपर्यंत, कोणी मूठभर भगर उधळावी तसे. त्यांच्या आकारापेक्षा त्यांचं सारखेपण अधिक बोलकं आहे. नेहमीच्या टीबीत जंतू बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात ठाण मांडून बसतो, तिथे खड्डा पडतो, एक डाग मोठा, एक लहान, असं चित्र असतं. मिलिअरी टीबीत जंतूंनी रक्तवाहिनी फोडलेली असते आणि रक्ताबरोबर ते सगळ्या शरीरात एकाच वेळी पेरले जातात. पेरणी एका दिवशीची असेल तर रानातलं पीकही एकाच उंचीचं दिसतं. दाणे एकसारखे आहेत याचा अर्थ ते एकाच सुमाराला पडले.

यात भौतिकशास्त्राचीही एक गंमत आहे. एक मिलिमीटरचा मऊ दाणा एकटा असेल तर साध्या एक्स-रेवर तो दिसणारच नाही, सावली फारच पुसट. आपल्याला दिसतात ते एकामागे एक आलेले दाणे. छातीच्या जाडीतले अनेक दाणे एका रेषेत आले की त्यांच्या सावल्यांची बेरीज होते आणि ठिपका उमटतो. पेरणीनंतर दाणे मोठे व्हायलाही काही आठवडे लागतात. म्हणून तापाने फणफणणाऱ्या माणसाची पहिली फिल्म स्वच्छ निघू शकते आणि महिन्याभराने काढलेली भगरीने भरलेली. सीटी स्कॅन शरीराचे पातळ काप दाखवतं, तिथे हे दाणे लवकर सापडतात.

या रोग्यांच्या थुंकीत जंतू पुष्कळदा सापडत नाहीत, कारण रोग श्वासनळीच्या वाटेने पसरलेला नसतो. खोकलाही नावापुरता. ताप, वजन घटणं, जेवण न जाणं एवढंच. थुंकी तपासली, काही निघालं नाही, म्हणून घरी परतलेल्या माणसाच्या बाबतीत ही फिल्म फार मोलाची ठरते. मात्र भगर दिसली म्हणजे टीबीच असंही नाही. दगड फोडणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ बसून असेच दाणे होतात, ते वरच्या भागात जास्त. थायरॉइडचा कर्करोग रक्तावाटे पसरला तरी असंच चित्र दिसू शकतं.

तांदूळ

मांडीचा एक्स-रे काढला, हाडाला काही झालेलं नाही, पण भोवतीच्या मांसात पाचपन्नास तांदळाचे दाणे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळते आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून झोपलेले. ही डुकरातल्या पट्टकृमीच्या अळीची खूण. अळी स्नायूत शिरते, स्नायूचे तंतू लांबीच्या दिशेने धावत असतात, तिला त्यांच्यामध्ये जागा मिळते ती तशीच लांबट. पुढे अळी मरते, तिच्यावर चुना बसतो आणि ती हाडासारखी पांढरी दिसू लागते. दाणे एकाच दिशेला का, याचं उत्तर अळीत नसून मांसाच्या ठेवणीत आहे.

इथे शाकाहारी मंडळींचा एक मोठा गैरसमज असतो. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. स्नायूत आणि मेंदूत ज्या अळ्या जाऊन बसतात, त्या मांसातून आलेल्या नसतात. त्या कृमीच्या अंड्यांतून येतात, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेले हात, शेतातल्या घाण पाण्यावर वाढलेली कोथिंबीर किंवा मुळा, उघड्या विहिरीचं पाणी. जन्मात मांसाला हात न लावलेल्या माणसाच्या मेंदूत अळी सापडू शकते ती अशी. मांडीतल्या तांदळांनी सहसा काही त्रास होत नाही. मेंदूतली एक अळी मात्र आकडी आणते. आपल्या देशात नव्याने सुरू झालेल्या आकड्यांमागे हे एक महत्त्वाचं कारण आहे. सीटीवर मेंदूत छोटं कडं दिसतं आणि कधी कधी त्या कड्यात एक ठिपका. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं.

लिंबू, पण आपलं नव्हे

१९८६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या किप्रोस निकोलाइडिस आणि स्टुअर्ट कॅम्बेल यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख लिहिला. पोटातल्या बाळाचा पाठीचा कणा उघडा राहिला असेल तर तो सोनोग्राफीत थेट शोधणं त्या काळच्या यंत्रांवर अवघड होतं. कणा लहान, बाळ वळवळणारं, पाठ नेमकी पलीकडे. त्यांनी सुचवलं की पाठ सोडा, डोकं बघा. अशा बाळाच्या कवटीचा आडवा छेद लिंबासारखा दिसतो आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला.

लिंबू म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कागदी लिंबू येतं, गोल, सरबताचं. निरोगी बाळाच्या कवटीचा छेद बराचसा त्याच्यासारखाच गुळगुळीत असतो! निकोलाइडिस यांचं लिंबू म्हणजे युरोपातलं मोठं, टोकाशी निमुळतं होणारं फळ, आपल्या ईडलिंबाच्या वळणाचं. कपाळाच्या दोन्ही बाजूंची हाडं आत चेपतात, म्हणून पुढचा भाग टोकासारखा होतो. या जागी कागदी लिंबू डोळ्यांपुढे आणलं तर खुणेचा अर्थच उलटा होतो.

हाडं आत का चेपतात? पाठीच्या उघड्या जागेतून मेंदूभोवतीचं पाणी झिरपत राहतं. आतला दाब कमी होतो, मेंदू खाली ओढला जातो, आणि अजून मऊ असलेली कपाळाची हाडं आत बसतात. लहान मेंदू कवटीच्या तळाशी, मेंदूच्या देठाभोवती दाबला जातो. त्याचा नेहमीचा डंबेलसारखा आकार जाऊन तो वाकतो, तेच केळं. चोवीस आठवड्यांनंतर हाडं कडक होतात आणि लिंबू पुष्कळदा नाहीसं होतं. रोग मात्र तिथेच असतो. म्हणून अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीला इतकं महत्त्व. उलट बाजूने, काही निरोगी बाळांचीही कवटी किंचित लिंबासारखी असते. तिथे केळं दिसत नसेल तर बहुधा काळजीचं कारण नसतं. दोन्हींत केळं जास्त भरवशाचं.

कणा बंद होण्याचं काम गर्भ राहिल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांत उरकतं. पाळी चुकल्याचं बाईच्या लक्षात येईपर्यंत ते जवळजवळ संपलेलं असतं. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचं आधीचं बाळ असा दोष घेऊन आलं होतं, त्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक अॅसिड दिलं तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. आधी असं काही झालेलं नसेल तर रोजची मात्रा याच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम पुरते. पण तीही आधीपासून हवी. दवाखान्यात नाव नोंदवल्यावर मिळणारी लाल गोळी रक्तासाठी चांगली, कण्यासाठी उशिराची.

शाळेत मुलींना आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीकडे मी या नजरेने बघतो. तिच्यात लोहाबरोबर अर्धा मिलिग्रॅम फोलिक अॅसिड असतं. आठवड्याला एक गोळी म्हणजे रोजच्या मात्रेची बरोबरी नव्हे, पण पोरी पुढे आई होणार असतात तेव्हा ही सुरुवात बिनकामाचीही नाही. पाचोडलाच इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था आहे. खेड्यातल्या किशोरवयीन मुलींचं आरोग्य हा तिच्या कामाचा मोठा भाग. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संस्थेने या भागातल्या अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले, आणि त्या गावांमध्ये काही वर्षांतच मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष म्हणजे फार काही नाही असं वाटेल. सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला गर्भ राहण्याआधी गोळ्या सुरू करायचा सल्ला देणार कोण आणि कधी, एवढाच प्रश्न स्वतःला विचारून बघावा.

न बोलायची खूण

परदेशी पाठ्यपुस्तकांत सोनोग्राफीच्या प्रकरणात हॅम्बर्गरच्या नावाची एक खूण असते. तीन समांतर पांढऱ्या रेघा, पावाच्या दोन फाका आणि मधली टिक्की. ती बाळाच्या लिंगाची खूण आहे. मुलाची की मुलीची, ते इथेही लिहीत नाही.

गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. गर्भाचं लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कुठल्याही प्रकारे सांगायला त्यात मनाई आहे. हे ‘खुणांनी’ कायद्यात का घालावं लागलं असेल, हे आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगायला नको. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी वाटणाऱ्या समाजात तोंडाने काही न बोलता निरोप पोचवणं किती सोपं! २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या. गोदावरीच्या पलीकडे, पैठण तालुक्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात ८०७. फिल्मवरच्या इतर सगळ्या खुणा रोग्याला सांगायच्या असतात. ही एक अशी, की जी बघूनही डॉक्टरने गप्प राहणं हेच त्याचं काम.

कांदा आणि लाह्या

बारा-चौदा वर्षांच्या पोराचा पाय दुखतो. क्रिकेटमध्ये मार लागला असेल म्हणून हळद-तेल चोळलं जातं. रात्री दुखणं वाढतं, बारीक ताप येतो. एक्स-रेवर मांडीच्या हाडाच्या बाहेर हाडाचेच पातळ पापुद्रे दिसतात, एकावर एक, आडव्या चिरलेल्या कांद्यासारखे. हाडाला बाहेरून एक पातळ आवरण असतं आणि नवं हाड तयार करण्याची ताकद त्यात असते. आतून वाढणारी गाठ हे आवरण उचलते. आवरण थांबत नाही, उचललेल्या जागी हाडाचा एक थर घालतं. गाठ पुन्हा सरसावते, आवरण पुन्हा उचललं जातं, पुन्हा एक थर. कांद्याचा एकेक पापुद्रा म्हणजे हाडाने रोग अडवायचा केलेला एकेक प्रयत्न, आणि दोन पापुद्र्यांमधली जागा म्हणजे हाड हरलं ती वेळ.

जेम्स युइंग या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने १९२१ मध्ये ज्या गाठीचं वर्णन केलं, तिची ही गाजलेली खूण. एके काळी या गाठीतून फार थोडी मुलं वाचत. आता औषधं, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार मिळून, गाठ एकाच जागी असेल तर दहापैकी सहा-सात मुलं पाच वर्षांपुढे जातात. हाडात पू झाला तरीही पापुद्रे दिसू शकतात आणि त्याचे उपचार अगदी निराळे आहेत. म्हणून तुकडा काढून तपासल्याशिवाय पुढे जायचं नसतं. आणि अशा पायाला मालिश करू नये.

पॉपकॉर्न ही मात्र दिलाशाची खूण. फुप्फुसात एक गोल गाठ दिसते, घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. सीटीवर तिच्यात लाह्यांसारखे फुगीर, वेडेवाकडे पांढरे पुंजके दिसले की रेडिओलॉजिस्टचे खांदे सैल होतात. ही हॅमार्टोमा नावाची निरुपद्रवी गाठ. तिच्यात कूर्चेचे गोळे असतात आणि प्रत्येक गोळा आपापला चुन्याने भरतो, म्हणून ते पुंजके. म्हातारपणाकडे झुकलेल्या बाईच्या मॅमोग्राफीत असेच पुंजके दिसले तर ती बहुधा तरुणपणच्या साध्या गाठीची वाळलेली खूण असते.

भाकरी खाणाऱ्यांचा रोग, कॉफीचं नाव

पोट फुगून ढोलासारखं, दोन दिवस संडास नाही, वारा सरत नाही. पोटाच्या एक्स-रेवर ओटीपोटातून वर आलेली एक अजस्र फुगीर कमान दिसते आणि तिच्या मधोमध एक रेघ. मोठ्या आतड्याचा शेवटचा लांब वळसा स्वतःभोवती पिळला गेलाय. दोन्ही बाजूंना हवेने फुगलेलं आतडं आणि मध्ये एकमेकींना चिकटलेल्या त्याच्या दोन भिंती, तीच रेघ. याला म्हणतात कॉफीच्या दाण्याची खूण.

पाचोडच्या हॉटेलात चहा मिळतो. कॉफीचा अख्खा दाणा इथे किती जणांनी पाहिला असेल? आणि हा पीळ पाश्चात्त्य देशांच्या मानाने आफ्रिका, मध्यपूर्व आणि भारत इथे जास्त दिसतो. भरपूर चोथा खाणाऱ्यांचं आतडं लांब आणि सैल होत जातं, असं त्याचं एक कारण पाठ्यपुस्तकं देतात. ज्वारी-बाजरी खाणाऱ्यांच्या रोगाला कॉफीवाल्यांचं नाव! (भाकरी सोडायचं कारण नाही, चोथ्याचे फायदे कितीतरी जास्त आहेत.) आतडं काळं पडलेलं नसेल तर गुदद्वारातून दुर्बीण घालून पीळ सोडवता येतो, पण तो पुन्हा पडण्याची शक्यता मोठी असल्याने पुढे शस्त्रक्रिया सुचवतात. उशीर झाला तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो.

सहा महिने ते दोन वर्षांच्या लेकरांत आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. सोनोग्राफीच्या आडव्या छेदात वर्तुळात वर्तुळ दिसतं, पुस्तकात त्याला डोनट म्हटलंय. मेदूवडा म्हटलं तरी काही बिघडत नाही. लेकरू थांबून थांबून कळवळतं, पाय पोटाशी घेतं आणि मधल्या वेळात निपचित पडतं. वेळेत नेलं तर बहुतेक लेकरांचं आतडं गुदद्वारातून हवा किंवा सलाइन सोडून, टाका न घालता मागे सरकवता येतं. पाश्चात्त्य नावांतलं सर्वांत आडमुठं म्हणजे ‘हॉट क्रॉस बन’. इंग्लंडात गुड फ्रायडेला खातात त्या पावावर क्रूस काढलेला असतो. मेंदूच्या एका झिजेच्या रोगात एमआरआयवर मेंदूच्या देठात तसा क्रूस उमटतो, कारण आडवे जाणारे तंतू मरतात आणि उभे तग धरून राहतात. आपल्याकडचे विद्यार्थी आधी खूण पाठ करतात आणि पाव कसा असतो ते नंतर मोबाइलवर बघतात.

खरंखुरं खाणं

आतापर्यंत पदार्थ नुसते दिसत होते. काही तपासण्यांमध्ये ते खरोखरच पोटात जातात. पोट आणि आतडं एक्स-रेवर भोवतालच्या मांसासारखंच करडं, म्हणून ते दिसण्यासाठी आत काहीतरी जड भरावं लागतं. १८९६ च्या अखेरीस हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणाऱ्या वॉल्टर कॅननने प्राण्यांना बिस्मथ मिसळलेलं अन्न द्यायला सुरुवात केली. जठराची हालचाल त्याने मांजरांत डोळ्यांनी पाहिली आणि १८९८ मध्ये ती प्रसिद्ध केली. मांजर चिडलं किंवा घाबरलं की जठर जागच्या जागी थांबतं, हेही त्याच्या लक्षात आलं. १९०४ मध्ये म्युनिकच्या हेर्मान रीडरने माणसांना बिस्मथ घातलेली पेज पाजली. त्या बिस्मथमुळे विषबाधा होऊ लागल्या, तेव्हा १९१० च्या सुमारास बेरियम सल्फेट आलं आणि आजतागायत टिकलं. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. सल्फेट विरघळत नाही, आल्या वाटेने निघून जातं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची ‘सफरचंदाच्या गाभ्याची’ खूण बेरियमनेच दाखवली. गाठ आतड्याच्या भोवती कड्यासारखी वाढते, मधली वाट अरुंद होते, आणि खाऊन टाकलेल्या सफरचंदाच्या उरलेल्या दांड्यासारखं चित्र उमटतं. आता हे काम बहुतेक दुर्बिणीने होतं.

पित्तनलिका आणि स्वादुपिंडाच्या नळ्या बघायच्या एमआरआयमध्ये उलटी अडचण असते. त्या तपासणीत साचलेलं पाणी पांढरंशुभ्र चमकतं, पण जठरातलं पाणीही चमकतं आणि पित्तनलिकांवर पसरतं. उपाय म्हणून काही ठिकाणी तपासणीच्या आधी अननसाचा रस पाजतात. अननसात मँगनीज भरपूर असतं, त्याच्या चुंबकीय गुणामुळे जठरातली चमक विझते आणि नळ्या मोकळ्या दिसतात.

जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो हे मोजायचं असेल तर अन्नातच टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ मिसळतात. त्याचं अर्धायुष्य सहा तासांचं. अमेरिकेत ठरलेलं जेवण म्हणजे अंड्याचा पांढरा भाग, टोस्टच्या दोन चकत्या, जॅम आणि पाणी. खाल्ल्यावर लगेच, मग एक, दोन आणि चार तासांनी छायाचित्रं घेतात. चार तासांनी जठरात दहा टक्क्यांहून जास्त अन्न उरलं असेल तर जठर मंद समजतात. आपल्याकडे अंडं न खाणारे रोगी पुष्कळ, म्हणून काही भारतीय केंद्रांनी इडली निवडली. वाफवलेली, मऊ, तेल नसलेली आणि वजनाला सारखी करता येणारी. पण पदार्थ बदलला की जठराचा वेळ बदलतो, त्यामुळे इडलीसाठी निरोगी माणसांवर वेगळे आकडे काढावे लागतात आणि ते इडलीलाच लागू पडतात. घरून डब्यात आणलेल्या भाकरी-पिठल्यावर ही तपासणी होत नाही.